एल्विराबाईंचा पहिला धडा

मृणालला मी तीनदा हलवलं. ती उठली नाही. तिसऱ्या वेळी गालावर चापट मारली, तेव्हा तिनं डोळे अर्धे उघडले, भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मृणाल माझी सून. बाळंत होऊन तिला तेरा दिवस झाले होते. बाळ तिच्या कुशीत होतं. सकाळपासून ते दूध प्यायलं नव्हतं आणि रडतही नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी माझी सात वर्षांची नात ईरा आडवी पडली होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि झोपली. तिला मी दोन हाका मारल्या, तिनं ओ दिली नाही.

दिवसाचे अकरा वाजले होते. आम्ही राहतो त्या रेडमंडमध्ये आदल्या दिवसापासून वादळ चाललं होतं. झाडं तारांवर पडून वीज गेली होती आणि विजेबरोबर घर गरम करणारं यंत्रही बंद पडलं होतं. माझा मुलगा संदीप कंपनीच्या कामाला टेक्सासला गेला होता, त्याचं परतीचं विमान कॅन्सल झालं होतं. माझं स्वतःचं डोकं ठणकत होतं. एकदा उलटी झाली होती. मला वाटलं, थंडी बाधली.

संदीपला फोन लावला, लागला नाही. इथं तीन आकडी नंबर फिरवला की मदत येते, हे मला माहीत होतं. पण तिथं बोलायचं काय? मला इंग्रजी येत नाही. फोनमध्ये ईरानं काही माणसांचे फोटो लावून ठेवले होते, दाबलं की फोन लागतो. त्यात घराबाहेरचं, मी ज्याच्याशी बोलू शकेन असं एकच माणूस होतं. मी एल्विराबाईंचा फोटो दाबला. फोन कानाला धरायची मला सवय नाही, मी नेहमी मोठ्या आवाजावर टाकून समोर ठेवते. तसाच गादीवर ठेवला.

त्यांच्याशी मी बोलते ती भाषा स्पॅनिश. माझ्या स्पॅनिशला हातपाय नाहीत, नुसते शब्द आहेत. तेच एकापुढे एक ठेवले. सून झोप. उठत नाही. नात झोप. डोकं दुखतं. त्यांनी विचारलं, वीज आहे का? मी म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, थंडी आहे का? मी म्हटलं, नाही, खोली गरम आहे. त्यांनी विचारलं, कशानं?

मी सांगितलं, "कार्बोन." म्हणजे कोळसा. "पलंगाखाली."

मग त्यांनी एक शब्द उच्चारला. ओरडल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवून सहज बोलावं, तसा उच्चारला.

"आफ्वेरा."

म्हणजे बाहेर.

या एल्विराबाई कोण, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ईराच्या शाळेत अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश चालतं. मुलांना दोन्ही यावं म्हणून संदीप-मृणालनं हौसेनं तिला तिथं घातलं. पण पोरीचा गृहपाठ घरी आला की वाचणारं कोणी नाही. म्हणून ठरलं, सगळ्या घरानं स्पॅनिश शिकायचं. सगळ्या घरानं म्हणजे मीही. मी चौथी पास, नवरा वारल्यावर कराडजवळच्या गावातून इथं आलेली, इंग्रजीचं एबीसी न येणारी. मी म्हटलं, मला कशाला? संदीप म्हणाला, "आई, तुला तरी घरात काय काम आहे?" हे खरंच होतं.

एल्विराबाई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायचं काम करत आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मृणालला त्या शाळेच्या गेटजवळ भेटल्या. वय माझ्याइतकंच, सत्तरीच्या आसपास. उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पाठ सरळ, पांढऱ्या केसांची एकच वेणी, अंगात हिरवा रेनकोट. तो रेनकोट त्या घरातही काढत नसत. चार गल्ल्या सोडून लेकीकडे राहत. सोमवार आणि बुधवारी दुपारी चारला यायच्या. पाऊस असो, बर्फ असो, चारला बेल वाजायची आणि मी घड्याळ न बघता गॅसवर चहा ठेवायची.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं नव्या वह्या घेऊन टेबलाशी बसलो. मृणालला तेव्हा सहावा महिना होता. संदीपनं लवकर घरी येऊन कसली तरी कोष्टकं छापून ठेवली होती. एल्विराबाई बसल्याच नाहीत. त्यांनी कागदांकडे बघितलं, ते गोळा करून पालथे घातले आणि म्हणाल्या, "आफ्वेरा." आम्ही हसून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी मागचं दार उघडलं, अंगणात गेल्या, पावसात उभ्या राहिल्या आणि हातानं बोलावलं. आम्ही मोज्यांवरच बाहेर गेलो. त्यांनी आमच्याकडे बोट करून मोजलं, "ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो." एक, दोन, तीन, चार. मग आत आलो. बसतोय तोवर पुन्हा, "आफ्वेरा." त्या दिवशी आम्ही अकरा वेळा बाहेर गेलो. दुसरं काहीही झालं नाही. तासाच्या शेवटी त्या बसल्या, गार झालेला चहा प्यायल्या आणि गेल्या.

संदीप चिडला. म्हणाला, "आई, हा लँग्वेजचा क्लास आहे की फायर ड्रिल?"

मृणाल म्हणाली, "अरे, असेल त्यांची मेथड. थांब थोडं."

त्यांची मेथड अशी होती, की पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला फक्त वाईट वेळेचे शब्द शिकवले. बाहेर, दार, खिडकी, आग, पाणी, रक्त, दुखतं, ऊठ, ओढ, किती जण. एवढेच. नमस्कार नाही, तुम्ही कसे आहात नाही, माझं नाव अमुक नाही. शाळेत पालकांची सभा होती, तिथं संदीपला ईराच्या बाईंशी दोन गोड वाक्यं बोलायची होती आणि त्याच्याजवळ होतं रक्त आणि खिडकी. घरी येऊन त्यानं तक्रार केली. एल्विराबाई शांतपणे म्हणाल्या, "देस्प्वेस." म्हणजे नंतर.

मग तो फोनवर एक खेळ खेळून शिकायला लागला. त्यात रोज गुण मिळतात. पन्नास दिवसांत त्याला हत्ती दूध पितो आणि माझ्या काकांची टोपी लाल आहे, असं घडाघडा म्हणता यायला लागलं. बुधवारी एल्विराबाई आमच्याकडे जेवत. जेवताना मीठ, पाणी आणि मिरच्या त्या आपल्या ताटाजवळ घेऊन बसत. ज्याला जे हवं त्यानं मागायचं, स्पॅनिशमध्ये. चुकलं तरी चालेल, पण तोंड उघडायचं. संदीपला चुकीचं बोलायची लाज वाटे. चार बुधवार तो अळणी आमटी जेवला. पाचव्या बुधवारी ईरा त्याला म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क." तेव्हा त्यानं मान खाली घालून मीठ मागितलं. एल्विराबाईंनी मिठाची वाटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवली, देवाला नैवेद्य ठेवावा तशी. हसल्या नाहीत. त्या कोणाच्याही चुकीला कधी हसल्या नाहीत. ही गोष्ट मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही शिकवणाऱ्या माणसात पाहिलेली नाही. आमचे गावचे मास्तर आधी हसत आणि मग मारत.

"आफ्वेरा" मात्र सुटलं नाही. शब्द वाढले, वाक्यं आली, पण तासाच्या मधेच केव्हाही, कप खाली ठेवता ठेवता, त्या हळूच तो शब्द उच्चारत. मग हातातलं होतं तिथं टाकून निघायचं. काही घ्यायला वळायचं नाही. संदीप एकदा फोन घ्यायला मागे फिरला, तर दारात उभ्या राहून त्यांनी त्याला पुन्हा आत पाठवलं, खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यापासून निघायला लावलं. मृणालला आठवा लागला तरी सूट नाही. त्या स्वतः सगळ्यांत शेवटी बाहेर येत आणि मोजत.

एका सोमवारी मी देवापुढे दिवा लावत होते. शब्द ऐकला. मनात म्हटलं, आता वात लावतेय, देवापुढून उठायचं का या बाईच्या खेळासाठी? दिवा लावला, हात जोडले, माझं रोजचं सगळं म्हटलं, वर आणखी थोडं म्हटलं. मुद्दामच. दहा-बारा मिनिटांनी बाहेर आले. संदीप, मृणाल आणि ईरा वळचणीला उभे होते आणि एल्विराबाई भर पावसात अंगणाच्या मध्यावर. टोपी घातलेली नाही, वेणीतून पाणी गळतंय. माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "क्वात्रो." चार. आणि आत गेल्या.

ईरा मला म्हणाली, "आजी, यू आर लेट."

मला राग आला पाहिजे होता. आला नाही. कोणी माझ्यासाठी पावसात असं उभं राहिलं नव्हतं, आणि बोलणीही न देता. त्या दिवसापासून शब्द ऐकला की मी निघत असे. दिवा असो की तव्यावरची भाकरी. विचार करायचा नाही, हे माझ्या पायांना कळलं.

त्यांचं शिकवणं आमच्या घरापुरतं नव्हतं. एकदा मला मेक्सिकन किराणा दुकानात घेऊन गेल्या. वाळलेल्या मिरच्या घ्यायच्या होत्या. काउंटरपाशी मला उभं केलं आणि त्या स्वतः दुकानाच्या बाहेर जाऊन काचेपलीकडे उभ्या राहिल्या. दुकानदार विचारतोय, मला त्यातलं निम्मं कळतंय, मागे पाच माणसांची रांग. मी वळून बघितलं. त्या काचेतून माझ्याकडे बघत होत्या, पण बोटही हलवेनात. मग मी तोंड उघडलं. तिखट नको, लाल हवी, एवढी. दुकानदारानं दिली. बाहेर आल्यावर त्यांनी पिशवी उघडून मिरची हुंगली, मान हलवली आणि चालायला लागल्या. शाबासकी नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी या देशात राहते. तोवर मी संदीपच्या घरात राहत होते.

मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही शाळा किती शिकलात? स्वतःकडे बोट करून चार बोटं दाखवली. त्यांनी मूठ मिटून दाखवली. शून्य. मी त्यांच्यापेक्षा चार इयत्ता पुढे निघाले. आम्ही दोघी खूप हसलो. मग त्यांनी सांगितलं, की स्पॅनिश त्यांचीही भाषा नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेला डोंगरात त्यांचं गाव, तिथं वेगळीच भाषा बोलतात. बाराव्या वर्षी त्या शहरात कोणाच्या घरी कामाला राहिल्या आणि चुलीपाशी उभ्या राहून स्पॅनिश शिकल्या. पुढे डोंगर, वाळवंट ओलांडून या राज्याच्या पूर्वेकडच्या सफरचंदाच्या बागांत आल्या. तिथं वीस वर्षं फळं काढली. मला कळलं, संदीपचे कागद त्यांनी पालथे का घातले. त्यांना ते वाचता येत नव्हते. पण त्यांच्या वागण्यात त्याची लाज कुठं नव्हती.

माझी भाकरी त्यांना जाड वाटे. त्यांची मक्याची पोळी मला पापडासारखी वाटे. हे आम्ही एकमेकींना तोंडावर सांगत असू. उन्हाळ्यात आमच्या अंगणात त्या कोळशावर कणसं भाजायच्या. कोळसा हा शब्द मी तिथंच शिकले.

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मला दिला आणि जावा-नणंदांची सहा बाळंतपणं मी केली. मृणालला मात्र देता येत नव्हता. इथल्या घरात छताला धुराचं यंत्र असतं, ते बोंब मारतं. खरं तर ते माझ्या फोडणीलाही बोंब मारायचं. मोहरी तडतडली की ते सुरू. म्हणून संदीपनं बोळातलं यंत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं, झोपायच्या खोलीतलं धुराचं तेवढं राहिलं होतं. बहुतेक मराठी घरांत हेच केलेलं असतं, कोणी सांगत नाही एवढंच.

वीज गेली. रात्र आम्ही पांघरुणांवर काढली. सकाळी बाळाची पावलं गार लागली आणि मी ठरवलं. गॅरेजमध्ये कणसांच्या कोळशाची पिशवी होती. बिडाच्या कढईत कोळसे घातले, मागच्या वळचणीला पेटवले, धूर पार जाऊन लालभडक होईपर्यंत वारा घातला. धूर नाही म्हणजे बाधा नाही, असं मला वाटलं. कढई आणून पलंगाखाली विटांवर ठेवली. ईरालाही त्याच खोलीत घेतलं. ऊब जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावला.

मृणाल म्हणाली, "अहो आई, हे सेफ आहे ना?"

मी म्हटलं, "सहा बाळंतपणं केलीत मी."

तिनं बाळाला जवळ ओढलं. शिकलेली मुलगी, पण तेरा दिवसांची बाळंतीण, गारठलेली आणि मी सासू. ती काय बोलणार? माझ्या गावच्या घराला कौलं होती, भिंतीला भोकं होती, दार कधी नीट लागत नसे. इथल्या खिडक्यांना रबर लावलेलं असतं. हवेला आत यायला जागा नाही आणि बाहेर जायलाही नाही. निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. पेटवलं मीच. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही.

तर फोनमधून तो शब्द आला आणि पहिली उठली ती ईरा. माझ्या दोन हाकांना न उठलेली पोर डोळे अर्धे मिटलेले असताना उभी राहिली, भिंतीला हात लावत दाराकडे गेली, टॉवेलला अडखळली, दार उघडलं आणि गेली. मागचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला.

माझेही पाय निघाले होते. मी बाळाला उचललं, दुपट्यासकट कपड्यांच्या टोपलीत घातलं आणि बोळातून ओढत नेऊन ईराजवळ अंगणाच्या पायरीवर ठेवलं. बाहेरच्या गार हवेत डोकं जरा ताळ्यावर आलं. मागे फिरले. एल्विराबाईंचा आवाज गादीवरून एकेक शब्द टाकत होता, मधे थांबत, उत्तराची वाट न बघता. "वेन्ताना." खिडकी. मी खिडकीचं कुलूप काढून ती वर ढकलली. "हाला." ओढ. मृणालच्या अंगाखाली गोधडी होती. तिची दोन टोकं धरून मी तिला पलंगावरून खाली घेतलं. पडलीच म्हणा. डोकं आपटलं, मी थांबले नाही. गोधडी ओढत निघाले. माझे गुडघे गेलेले आहेत, एरवी मला पाण्याची बादली उचलवत नाही. बोळात एकदा मी खाली बसले. बसल्यावर फार बरं वाटलं. इथंच जरा पडावं, असं वाटलं. तेवढ्यात आतून पुन्हा तो शब्द आला, तसाच हळू. मला त्यांचं ते पावसात उभं राहणं दिसलं. मी उठले.

मृणालला पायरीपर्यंत आणलं. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता. पडू दिला. फोन आत राहिला होता. त्यासाठी मी वळले नाही. खोलीची खिडकी अंगणाच्या बाजूलाच होती, तिच्यातून रिकाम्या खोलीतला आवाज ऐकू येत होता. तो विचारत होता, "क्वांतास?" किती जणी? पुन्हा, "क्वांतास?"

मी सगळ्यांना हात लावून बघितलं. बाळाला, ईराला, मृणालला. मग खिडकीकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले.

"क्वात्रो!"

आतला आवाज थांबला.

त्यांच्या लेकीनं दुसऱ्या फोनवरून तो तीन आकडी नंबर केव्हाच लावला होता. आगवाले आले, तोंडाला हवेचे मुखवटे लावले. ते लावत असतानाच एल्विराबाई गल्लीच्या टोकाला दिसल्या. त्यांच्या घराकडच्या रस्त्यावर झाडं पडली होती, तिकडून गाडी येत नव्हती. त्या फांद्यांवरून चालत आल्या होत्या. पायात घरातल्या सपाता. आल्या तशा आमच्यापुढे उभ्या राहून त्यांनी बोटानं मोजलं, चारपर्यंत. आणि ओल्या पायरीवर बसल्या. तास संपल्याशिवाय त्यांना बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. आगवाल्यानं कढई बाहेर आणून विचारलं, हे कोणी केलं? एल्विराबाईंना कामापुरतं इंग्रजी येतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. खोटं बोलल्या नाहीत आणि मलाही ते नको होतं.

दवाखान्यात आम्हाला एका मोठ्या पिंपासारख्या बंद खोलीत ठेवून प्राणवायू दिला. मृणालला दोनदा. डॉक्टर संदीपला म्हणाले, की आणखी अर्धा तास गेला असता तर बोलायला काही राहिलं नसतं. संदीप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. दोन दिवसांनी ड्रॉवरमधून ते यंत्र काढलं, धुराबरोबर ते या विषारी हवेलाही ओरडतं म्हणे, नवे सेल घातले आणि बोळात लावलं. स्टुलावरून उतरताना म्हणाला, "आई, आता फोडणीच्या वेळी खिडकी उघडत जा." मी बरं म्हटलं. तो स्टूल उचलून नेताना रडत होता, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढच्या सोमवारी चारला बेल वाजली. मृणाल आणि ईरा आत झोपल्या होत्या. आम्ही दोघीच टेबलाशी होतो. मी त्यांना विचारलं, तुम्ही आम्हाला पहिला शब्द तोच का शिकवला?

त्यांनी सांगितलं. सोपे शब्द वापरून, थांबत थांबत. मला सगळं कळलं, कारण त्यातला एकेक शब्द त्यांनीच मला शिकवलेला होता.

सफरचंदं वर्षभर टिकावीत म्हणून बागवाले ती मोठमोठ्या बंद खोल्यांत ठेवतात आणि आतल्या हवेतला प्राणवायू काढून घेतात. त्या हवेत फळ टिकतं, माणूस टिकत नाही. दोन श्वासांत पडतो. त्यांचा धाकटा भाऊ तोमास गावाकडून आला होता. वय एकोणीस. त्याला फक्त डोंगरातली भाषा येत होती. येऊन दहा दिवस झाले होते. एका खोलीचं दार चुकून उघडं राहिलं होतं आणि तो आत पडलेली खोकी बघायला निघाला. लांबून दोघं-तिघं स्पॅनिशमध्ये ओरडले, बाहेर, बाहेर ये. त्यानं वळून बघितलं. एल्विराबाई धावत येत होत्या, पण फार लांब होत्या, त्यांची हाक पोचत नव्हती. ओरडणाऱ्यांकडे बघून त्यानं हात वर केला, हसला आणि म्हणाला, "ग्रासियास." म्हणजे आभारी आहे. आणि आत गेला.

त्या टेबलावर बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला मी दहा दिवसांत तेवढंच शिकवलं होतं. नमस्कार आणि आभार. म्हटलं, लोकांना चांगला वाटेल."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला नाही. आम्हा दोघींना तसलं जमत नाही. उठून चहा गरम करून आणला. तास संपायला अजून वीस मिनिटं होती, तरी त्यांनी बसून तो घेतला.

त्या आणखी दोन वर्षं आमच्याकडे येत राहिल्या. मग त्यांच्या लेकीला डोंगरापलीकडे, बागांच्या गावात नोकरी लागली आणि त्या तिच्याबरोबर निघाल्या. शेवटच्या बुधवारी मृणालनं सगळं त्यांच्या आवडीचं केलं. ईरानं एक कागद वाचून दाखवला, संदीपनं लांबलचक निरोपाचं भाषण स्पॅनिशमध्ये केलं. चांगलं केलं, हत्ती आणि टोपी कुठं आली नाही. एल्विराबाई रेनकोट घालून मान खाली घालून ऐकत होत्या. त्याचं संपलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"आफ्वेरा."

आम्ही सगळे उठलो. संदीपनं भाषणाचा कागद टाकला, मृणालनं हातातला डाव टाकला. धाकटी अन्वी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला अजून धड बोलता येत नव्हतं. ती आपणहून खुर्चीवरून उतरली आणि सगळ्यांच्या पुढे पळत दाराबाहेर गेली. अंगणात ऊन होतं. एल्विराबाई शेवटी आल्या. खांद्याला पिशवी लावून आल्या होत्या. म्हणजे निघालेल्याच होत्या. मागचं दार त्यांनी ओढून घेतलं, आम्हाला बोटानं मोजलं, पाच आकडे म्हणाल्या आणि अंगणाच्या फाटकातून बस-स्टॉपकडे चालायला लागल्या. पाठ तशीच सरळ. वळून बघितलं नाही. आम्ही ग्रासियास म्हटलं नाही. ते त्यांना आवडत नसे.

त्या दिवशी त्या खोलीत माझी सून मृणाल होती, नात ईरा होती, तेरा दिवसांची अन्वी होती आणि मी होते. आम्ही चौघी जिवंत आहोत.